बेलेम ते इकितोस नव्हे, इकितोस ते बेलेम: ॲमेझॉनच्या खोऱ्यात फिरताना

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको, दोघंही पन्नाशीच्या आसपास, हाताशी तीन आठवडे, महिना ऑक्टोबर. ब्राझीलमधल्या बेलेमला उतरायचं, ॲमेझॉन नदीने वर वर जात मनाउस गाठायचं, तिथून पुढे पेरूतलं इकितोस, आणि लिमाहून परत. विचारलंय ते असं: मधल्या काही टप्प्यांना गाडी भाड्याने घेता येईल का? बोटीला किती दिवस धरायचे? ऑक्टोबर बरा का? बायको शाकाहारी आहे आणि तिची पाठ दुखते, तर चार-चार रात्री हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळीत, झोपणं तिला जमेल का?

बरीच वर्षं छोटे गट घेऊन मी या नदीवर जातो आहे, त्यामुळे सरळच सांगतो. बेत चांगला आहे, फक्त उलटा धरलाय. इकितोसपासून सुरुवात करा आणि बेलेमला संपवा.

कारण साधं आहे. मनाउस-बेलेम हे अंतर पाण्याने साधारण 1,600 किलोमीटर. प्रवाहाबरोबर उतरताना मोठ्या बोटीला चार दिवस लागतात, प्रवाहाविरुद्ध चढताना पाच ते सहा. पेरू आणि कोलंबियाच्या सीमेला लागून असलेल्या ब्राझीलच्या ताबातिंगाहून मनाउसला उतरायला तीन-चार दिवस पुरतात, तेच चढायला सहा-सात. तुमच्या बेताप्रमाणे बारा-तेरा दिवस नुसते बोटीवर जातात. तीन आठवड्यांतून ते वजा केले की मनाउसचं 1896चं ऑपेरागृह बाहेरून बघायचं आणि पुढच्या बोटीचं तिकीट काढायला पळायचं, एवढंच उरतं. उलट दिशेने आलात तर चार-पाच दिवस वाचतात, आणि ते जंगलात घालवता येतात.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. उतरणारी बोट वेग मिळावा म्हणून नदीच्या मध्यावरून जाते, आणि ही नदी अशी रुंद की काही ठिकाणी दोन्ही काठ नुसत्या हिरव्या रेघा होतात. चढणारी बोट मात्र प्रवाहाचा जोर टाळायला काठ धरून सरकते. घरांच्या ओट्यांवर वाळत घातलेले कपडे, होडीतून शाळेला निघालेली पोरं, फांदीवरचा खंड्या, हे सगळं चढणाऱ्या बोटीवरून दिसतं. म्हणून माझ्या गटांना मी लांबचे टप्पे उतरत्या बोटीने देतो आणि एखादा छोटा टप्पा मुद्दाम चढत्या बोटीने. ज्यांना फक्त चढता प्रवास करायचाय त्यांनी एक महिना काढून यावं.

गाडीचं आधी निकालात काढू. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुख्य पात्रावर एकही पूल नाही. मनाउसला 2011 मध्ये साडेतीन किलोमीटरहून लांब पूल झाला, पण तो रिओ नेग्रो या उपनदीवर. त्या पुलावरून नोव्हो आइराँवपर्यंत गाडीने जा, रस्ता चांगला आहे आणि पुढे आनाव्हिल्यानासची शेकडो बेटं आहेत. मनाउसहून उत्तरेला बोआ व्हिस्टाकडे जाणारा महामार्ग, बीआर-174, डांबरी आहे. तो वाइमिरी-आत्रोआरी या आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. तिथे खासगी गाड्यांना कित्येक वर्षं संध्याकाळी सहा ते सकाळी सहा फाटक बंद असायचं, आणि मध्ये थांबायला व फोटो काढायला मनाई आहे. नकाशावर मनाउसहून दक्षिणेला पोर्तो व्हेल्योकडे निघालेली बीआर-319 ही ठळक रेघ बघून मात्र भुलू नका. हा रस्ता 1976 मध्ये खुला झाला, बारा वर्षांत उखडला, आणि त्याचे मधले सुमारे 400 किलोमीटर अजून मातीचे आहेत. 2022 मध्ये त्यावरचे दोन पूल काही दिवसांच्या अंतराने कोसळले. पावसात तिथे ट्रक चाकापर्यंत रुततात. तुमच्या मार्गावर गाडीला तसंही काही काम नाही. इकितोसला तर बाहेरच्या जगातून येणारा रस्ताच नाही. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउतापर्यंत डांबर आहे, तिथे ते संपतं. शहरात सगळीकडे मोटोकार, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तीनचाकी.

आता महिना. या भागात ऋतू पावसावरून कमी आणि पाण्याच्या पातळीवरून जास्त ओळखायचे. मनाउसच्या बंदरात 1902 पासून नदीची उंची मोजतात. वर्षभरात पाणी साधारण 10 मीटर वरखाली होतं, म्हणजे तीन मजली घराएवढं. जूनमध्ये सर्वांत वर, ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली. जून 2021 मध्ये ते 30.02 मीटरवर गेलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये 12.70 वर आलं, आणि तोवरचा सगळ्यांत मोठा तो नीचांक पुढच्याच ऑक्टोबरात 12.11 ने मोडला. 2023च्या त्या दुष्काळात तेफेच्या तळ्यातलं पाणी इतकं तापलं की शंभराहून जास्त नदीतले डॉल्फिन मेले. वरच्या भागात हे चक्र आधी फिरतं. इकितोसला पाणी मनाउसच्या आधी चढतं आणि आधी उतरतं.

पाणी उतरलं की प्रवासाचं काय होतं, त्याचा एक प्रसंग. सोलिमोएसवर, म्हणजे मनाउसच्या वरच्या ॲमेझॉनवर, सप्टेंबरच्या शेवटी आमची बोट पहाटे तीनला वाळूच्या दांड्यावर चढली. धक्का असा काहीच नाही. बोट फक्त एकदा कुरकुरली आणि इंजिनाचा आवाज बदलला. खलाशी लांब बांबूने पाणी मापत पुढून मागे फिरत होता. सगळीकडे छातीभर. सकाळ झाली तशी आचाऱ्याने नेहमीसारखी गोड कॉफी दिली, माणसांनी डॉमिनो मांडले, एक बाई पोराचे केस कापायला बसली. कुणी कप्तानाला काही विचारायलासुद्धा गेलं नाही. दुपारी दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढलं तेव्हा नऊ तास गेले होते, आणि माझ्या गटातल्या दोघांचं मनाउसहून पुढचं विमानही. चूक बोटीची नव्हती. पोचण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं विमान घेऊ देणारा मी होतो. तेव्हापासून लांबची बोट आणि त्यानंतरचं विमान यांत पूर्ण दोन दिवस मोकळे ठेवतो, मग कुणी कितीही कुरकुर करो.

तर ऑक्टोबर वाईट नाही, पण हळू आहे. बोटी रात्री जपून जातात, छोट्या गावांत बोटीपासून काठापर्यंत चिखलात टाकलेल्या फळ्यांवरून चालावं लागतं, काही उपनद्यांत मोठ्या बोटी शिरतच नाहीत. त्या बदल्यात मनाउस आणि बेलेमच्या मधल्या सांतारेमजवळ तापाजोस नदीवरच्या आल्तेर दो शाओंचे पांढऱ्या वाळूचे किनारे पूर्ण उघडे पडलेले असतात. जूनमध्ये तेच किनारे पाण्याखाली असतात, पण तेव्हा होडीतून झाडांच्या शेंड्यांमधून फिरता येतं. या बुडालेल्या जंगलाला काळ्या पाण्याच्या नद्यांवर इगापो म्हणतात, आणि मला स्वतःला वाळूपेक्षा ते केव्हाही जास्त आवडतं. रजा हलवता येत असेल तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य गाठा. पाणी ओसरू लागलेलं, पाऊस कमी, बोटी अडत नाहीत आणि वाळूही डोकं वर काढू लागलेली. जूनचा शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा पारिंतिन्स या नदीकाठच्या गावी लाल आणि निळ्या बैलांच्या दोन पक्षांचा मोठा उत्सव असतो आणि मनाउसहून निघालेल्या बोटींवर पाय ठेवायला जागा नसते. अर्थात तो बघायलाच येत असाल तर गोष्ट वेगळी.

बोटींची नावं कानावर असू द्या. दोन-तीन मजली, संथ, माल आणि माणसं दोन्ही नेणारी ती 'रेक्रेयो'. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र हा ह होतो, त्यामुळे तुम्हाला ऐकू येईल 'हेक्रेयु'. झटपट जाणारी, बसच्या खुर्च्यांची ती 'लांशा' किंवा 'आ जातो'. ताबातिंगा-मनाउस ती दीड-दोन दिवसांत उरकते. पण तिच्यात एसी असा लावतात की विषुववृत्तावर असून दात वाजतात, म्हणून स्वेटर हाताशी ठेवा. जागा मधली घ्या. पुढे लाटांचे दणके बसतात, मागे इंजिन कान किटवतं. तुमच्या बायकोच्या पाठीसाठी मी लांशा सुचवणार नाही. छोटी ॲल्युमिनियमची 'व्होआदेइरा' आणि लांब दांड्याचं मोटर लावलेली होडी, 'राबेता', या जंगलातल्या अरुंद ओढ्यांसाठी, ज्यांना 'इगारापे' म्हणतात. त्या मोठ्या नदीवर रात्री कधीच घ्यायच्या नाहीत. चढत्या पाण्यात अख्खे ओंडके वाहत येतात, अंधारात ते दिसत नाहीत. शिवाय सोलिमोएसच्या काही पट्ट्यांत नदीवरच्या चोऱ्यामाऱ्या होतात. त्या बहुतेक माल आणि इंधनाच्या मागे असतात, पण एकट्या होडीने तिथे रात्री असण्याचं कारण नाही.

हॅमॉकबद्दल जरा सविस्तर, कारण चार दिवस सुखाचे की त्रासाचे हे त्यावर ठरतं.

हॅमॉक इथून नेऊ नका, तिथे बाजारात घ्या. पोर्तुगीजमध्ये 'रेदे'. जाळीचा नको, सुती कापडाचा आणि रुंद हवा, दोघांना दोन वेगळे. सोबत दोन-दोन मीटरचे दोर मागून घ्या, प्रत्येक हॅमॉकला दोन. बोटीच्या मधल्या मजल्यावर छताला लोखंडी कड्यांच्या किंवा आडव्या नळांच्या रांगा असतात. सुटण्याच्या चार-पाच तास आधी पोचा, लांबच्या बोटीला तर सकाळीच. पहिल्या खेपेला मी उशिरा गेलो आणि एवढ्या गर्दीत मला एक मोकळा कोपरा सापडला. मनात म्हटलं, नशीब. रात्री कळलं, डोक्यावर रात्रभर जळणारी ट्यूब, पलीकडे संडासाचं दार, आणि ते दार प्रत्येक माणसामागे आपटायचं. रिकामी जागा रिकामी का आहे, हे आधी शेजाऱ्याला विचारावं. इंजिन मागे असतं, संडास बहुतेक मागेच, वरच्या मजल्यावर बार आणि मोठ्याने गाणी. म्हणून मधल्या मजल्याचा पुढचा भाग, कडेपासून एक रांग आत. अगदी कडेला पाऊस आला की ओलं होतं.

बांधताना दोन्ही टोकं सारख्या उंचीवर घ्या आणि कापड सैल लोंबू द्या, ताणून बांधू नका. ताणलं की शरीर केळ्यासारखं वाकतं आणि पाठ धरते. मग त्यात लांबीच्या दिशेने झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. डोकं एका काठाकडे, पाय दुसऱ्या काठाकडे. असं झोपलं की कापड पाठीखाली जवळजवळ सपाट होतं. इथे जन्मलेली माणसं आयुष्यभर अशीच झोपतात. माझ्या गटातल्या पाठदुखीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना दुसऱ्या रात्रीपासून बरं वाटलं, काहींना अजिबात नाही. तुमच्या बाबतीत सांगता येणार नाही, म्हणून एक करा: ताबातिंगा-मनाउस या टप्प्याला 'कामारोते', म्हणजे दोन बंक असलेली छोटी केबिन घ्या आणि वर एक हॅमॉकही टांगा. दिवसा हॅमॉक, रात्री जमलं तर तोच, नाही तर पलंग. केबिनला कुलूप लागतं, सामानाची काळजी मिटते. हॅमॉकच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पिशवी साखळीने खांबाला बांधावी आणि फोन, पासपोर्ट अंगावर ठेवावे, विशेषतः मधल्या गावांत बोट थांबते आणि विक्रेते वर येतात तेव्हा. रात्री वारा गार लागतो, पातळ चादर हवीच.

जेवण. भात, राजम्यासारखा घेवडा, स्पॅगेटी, कसाव्याचं भरड पीठ 'फारिन्या', आणि मांस किंवा कोंबडी. घेवड्यात कधी कधी सुकं मांस शिजवलेलं असतं, तेव्हा विचारून घ्या. 'सेम कार्नी' म्हणजे 'मांस नको', पण एवढंच म्हटलं तर ताटात हमखास कोंबडी येते, कारण तिकडे 'कार्नी' म्हणजे बहुधा गाईचं मांस. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सेम कार्नी, सेम फ्रांगो, सेम पेइशी', म्हणजे मांस, कोंबडी, मासे तिन्ही नकोत. केळी, ब्राझील नट्स आणि पिण्याचं पाणी स्वतःचं घेऊन चढा. मनाउसला सकाळी तुकुमां या नारिंगी फळाच्या फोडी आणि चीज घातलेला पाव मिळतो, 'शीस काबोकिन्यो'. शाकाहाऱ्यांना तिथे याहून चांगली न्याहारी मिळणार नाही. बेलेममध्ये आसाई या फळाची आइस्क्रीमसारखी गोड वाटी मिळेल या आशेवर असाल तर तयारीत राहा. तिथे ती दाट, जांभळी, बिनसाखरेची असते आणि लोक ती फारिन्या घालून तळलेल्या माशाबरोबर खातात.

तुमचा बेत मी असा मांडेन. लिमाहून विमानाने इकितोस, तीन दिवस, त्यातले दोन जंगलातल्या मुक्कामात. तिथून जलद बोटीने दिवसभरात सांता रोसा. हे पेरूचं बेट. समोर कोलंबियाचं लेतिसिया, त्याला चिकटून ब्राझीलचं ताबातिंगा. लेतिसिया-ताबातिंगा ही एकाच रस्त्यावरची दोन गावं, मधे कुणी अडवत नाही, आणि इथेच लोक फसतात. अडवत नाही म्हणजे शिक्का लागत नाही असं नाही. पेरूचा बाहेर पडल्याचा शिक्का सांता रोसालाच घ्यायचा, ब्राझीलचा आत आल्याचा ताबातिंगाच्या फेडरल पोलिसांकडे, बोटीच्या आदल्या दिवशी. शिक्का नसेल तर मनाउसला बोटीवरच्या तपासणीत किंवा देश सोडताना त्रास होतो. वाटेत पोलीस कुत्र्यांसह चढतात आणि पिशव्या उघडायला लावतात. तो अमली पदार्थांचा मार्ग आहे, त्यामुळे कुणाचंही 'जरा एवढं मनाउसला पोचवा' घ्यायचं नाही. पात्र सरकत असल्याने सांता रोसा नक्की कुणाचं, यावरून 2025 मध्ये पेरू आणि कोलंबियाच्या सरकारांत चांगलीच जुंपली होती. तुम्हाला मात्र त्यातून फक्त एक होडी पकडायची आहे.

ताबातिंगाहून मनाउस मोठ्या बोटीने. मनाउसला चार दिवस. काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोएस जिथे भेटतात तिथे त्या सहा किलोमीटर शेजारी-शेजारी न मिसळता वाहतात. रंग सगळे बघतात. तुम्ही होडी रेषेवरून जाताना हातही पाण्यात ठेवा, काळं पाणी कोमट आणि गढूळ पाणी गार लागतं. रिओ नेग्रोचं पाणी आम्ल असल्याने तिच्या काठी डासही कमी. मनाउसहून सांतारेम उतरत्या बोटीने दीड दिवस, मग आल्तेर दो शाओंला तीन रात्री. सांतारेमहून बेलेम विमानाने तासाभरात होतं, पण दोन दिवस उरले असतील तर बोटच घ्या. शेवटच्या टप्प्यात ब्रेव्हेसच्या अरुंद कालव्यांत काठ पुन्हा जवळ येतात. सात-आठ वर्षांची पोरं इवल्या होड्या वल्हवत येतात, चालत्या बोटीच्या कडेला आकडा अडकवतात आणि कोळंबी नाहीतर आसाई विकायला वर चढतात. प्रवासी प्लास्टिकच्या पिशवीत कपडे बांधून खाली टाकतात.

घड्याळ वाटेत दोनदा बदलतं. ताबातिंगाहून मनाउस एक तास पुढे, मनाउसहून सांतारेम-बेलेम आणखी एक. बोटीच्या वेळा विचारताना 'इथल्या घड्याळाने' हे विचारा. बोटीवर लटकवलेल्या फलकावर दिलेली वेळ ही तशीही सुटण्याची वेळ नसते. माल भरून झाला की बोट सुटते. बंदरावर सामान ओढणाऱ्या दलालांना टाळून बोट आधी आतून बघा, मग तिकीट घ्या. रात्री उशिरा पोचलात तर घाईने उतरू नका. बऱ्याच बोटींवर सकाळपर्यंत हॅमॉकमध्ये झोपू देतात, आणि मध्यरात्री बंदराबाहेर टॅक्सी शोधण्यापेक्षा ते बरं. पैसे रोख आणि सुट्टे ठेवा. ब्राझीलमध्ये हल्ली सगळे पिक्सने, म्हणजे आपल्या यूपीआयसारखं फोनवरून, पैसे देतात, पण त्याला सहसा तिथलं बँक खातं लागतं.

आणि हे आजच करा: पिवळ्या तापाची लस. ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, दाखला आता आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय या देशांतून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या, कारण तुमचा मार्ग आता बदललाय, आणि जुना कागद दाखवून घेतलेला सल्ला उपयोगाचा नाही.